लिनक्सवर चिनी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात तेव्हा

सोलापुरातल्या एका शाळेसाठी मी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर भित्तिपत्रक करत होतो. वर मराठीत नाव आणि त्याखाली त्यांचं तीन अक्षरी चिनी नाव, 'क दीह्वा'. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर आहे, आणि त्याचा अर्थ चीन. मुलांना हे सांगण्यासारखं होतं, म्हणून नाव चिनी लिपीतच हवं होतं. घरच्या लॅपटॉपवर पत्रक छान दिसलं. शाळेच्या संगणक कक्षात छपाईसाठी उघडलं, तर मराठी नावाखाली तीन रिकामे चौकोन.

त्या दिवशी दुरुस्तीला दोन तास गेले, कारण मी आधी फॉन्ट टाकत सुटलो आणि नेमकं काय बिघडलंय ते नंतर पाहिलं. खरं तर काम दहा मिनिटांचं आहे, फक्त क्रम नीट हवा. तो क्रम इथे सविस्तर देतो.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जोडरेघ, कोलन आणि मधली मोकळी जागा जशी दिसते तशीच ठेवायची.

आधी पडद्यावर नीट बघा

चिनी मजकूर तीन प्रकारे बिघडतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे. संगणकाला कोणतं अक्षर हवंय ते कळलंय, पण ते काढायला त्याच्याकडे आकृती नाही. हाच फॉन्टचा प्रश्न. या चौकोनांना 'टोफू' म्हणतात, आणि गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरूनच आलं आहे.

डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली रोमन अक्षरं दिसत असतील, किंवा चिनी अक्षरं दिसतायत पण वाक्याला अर्थच लागत नसेल, तर फॉन्टचा काही दोष नाही. फाइल एका संकेत-पद्धतीत (अक्षरांना आकडे देण्याच्या रीतीत) लिहिली आहे आणि वाचली जातेय दुसऱ्या. इथे मराठी माणसाची सवय आपल्याला फसवते. श्रीलिपीच्या काळातली जुनी फाइल उघडली आणि रोमन कचरा दिसला की आपण म्हणायचो, 'फॉन्ट टाका'. तिथे ते बरोबरच होतं, कारण त्या फाइलींत मुळात रोमन अक्षरांचेच संकेत असायचे आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप द्यायचा. चिनी मजकुराचं उलट आहे. कचरा दिसला तर कितीही फॉन्ट टाका, कचराच राहणार.

आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुतेक वेळा मूळ मजकूर वाटेतच कुठेतरी गेलेला असतो. ज्या प्रोग्रॅमने फाइल साठवली त्याला ती अक्षरं लिहिताच आली नाहीत. अशा वेळी मूळ प्रत शोधायची.

चौकोनाकडे जरा जवळून बघा. फायरफॉक्स आणि जीटीके या खिडक्या-बटणांच्या संचावर चालणारे बरेच प्रोग्रॅम चौकोनाच्या आत बारीक अक्षरांत चार आकडे (काहींच्या जागी रोमन ए ते एफ) छापतात, दोन वर आणि दोन खाली. कोटणीसांच्या नावात पहिल्या चौकोनात वर ६७ आणि खाली ईएफ, दुसऱ्यात ६८ आणि ई३, तिसऱ्यात ५३ आणि ४ई. हा त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे सगळ्या लिपींच्या सामाईक यादीतला त्याचा सोळामान पद्धतीत लिहिलेला क्रमांक. तो दिसला की अर्धं काम झालं, कारण याच क्रमांकाने आता यंत्राला नेमकं विचारता येतं.

यंत्राकडे काय आहे ते विचारा

लिनक्सवर फॉन्टचा कारभार 'फॉन्टकॉन्फिग' पाहतं. कुठला फॉन्ट कुठे आहे, त्यात कोणती अक्षरं आहेत, एखादं अक्षर नसेल तर पुढे कोणाकडे बघायचं, हे सगळं तेच ठरवतं. त्याला पहिला प्रश्न असा विचारा:

एफसी-लिस्ट :लँग=झेडएच फॅमिली

चिनी लिहू शकणाऱ्या फॉन्टची यादी येईल. काहीच आलं नाही, टर्मिनल गप्प राहिलं, तर यंत्रावर चिनी फॉन्ट नाही. शाळेच्या यंत्रावर नेमकं हेच झालं होतं.

यादी आली आणि तरीही एखादंच अक्षर चौकोन दिसत असेल, तर त्या अक्षरापुरतं विचारा:

एफसी-लिस्ट :चारसेट=६८ई३ फॅमिली

इथले आकडे अर्थातच रोमन. ज्या ज्या फॉन्टमध्ये ते अक्षर आहे तेवढेच समोर येतात. मला ही आज्ञा सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण तिच्यानंतर अंदाज करायला जागाच राहत नाही. यादी रिकामी असेल तर फॉन्ट टाका. यादीत नावं असतील आणि प्रोग्रॅम तरी चौकोन दाखवत असेल, तर गडबड प्रोग्रॅमची आहे. तसं असेल तर सरळ खाली प्रोग्रॅमांच्या भागाकडे जा.

फॉन्ट टाकणे

डेबियन, उबुंटू आणि मिंटवर:

सुडो आप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-सीजेके

आर्चवर पॅकेजचं नाव नोटो-फॉन्ट्स-सीजेके, अल्पाइनवर फॉन्ट-नोटो-सीजेके, आणि फेडोरावर गूगल-नोटो-सॅन्स-सीजेके या नावाने सुरू होणारी पॅकेजं. फेडोरात आवृत्तीप्रमाणे नावाचं शेपूट बदलतं, म्हणून आधी डीएनएफ सर्च या फेडोराच्या शोध-आज्ञेने नाव बघून घ्या. सीजेके म्हणजे चिनी, जपानी, कोरियन. हा फॉन्ट गूगल आणि अडोबी यांनी मिळून २०१४ साली आणला. अडोबीकडे तोच 'सोर्स हान सॅन्स' या नावाने मिळतो. एका ओपनटाइप फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ आकृत्या बसतात, आणि हा फॉन्ट ती मर्यादा जवळजवळ काठोकाठ भरतो. म्हणूनच तो जड आहे.

जुनं यंत्र असेल, जागा कमी असेल, किंवा इंटरनेट मोबाइलच्या डेटावर चालत असेल, तर 'वेनछुआनयी' प्रकल्पाचा फॉन्ट्स-डब्ल्यूक्यूवाय-मायक्रोहेइ घ्या. तो नोटोपेक्षा कितीतरी हलका आहे आणि रोजच्या मजकुराला पुरतो. २००४ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने बरीच वर्षं लिनक्सवरच्या चिनी वाचकांची गरज भागवली. शाळेच्या यंत्रावर मी हाच टाकला. मुलांच्या पत्रकासाठी तो भरपूर आहे.

काही यंत्रांवर प्रशासकाचे अधिकार आपल्याकडे नसतात. मग फॉन्टची फाइल उतरवून घ्या आणि घरच्या म्हणजे होम फोल्डरमध्ये डॉट-लोकल (आधी टिंब, लगेच लोकल, मध्ये रेघ नाही), त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स असा फोल्डर करून तिथे ठेवा. डॉट-लोकल लपलेला असतो. फाइल व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं की बहुतेक ठिकाणी दिसतो. जुन्या लेखांत घरच्या फोल्डरमधल्या डॉट-फॉन्ट्सचा उल्लेख असतो. ती पद्धत आता मागे पडली आहे, नवीन काही करताना वापरू नका.

फॉन्ट हाताने ठेवला असेल तर यादी ताजी करा:

एफसी-कॅश -एफव्ही

मग ज्या प्रोग्रॅममध्ये चौकोन होते तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसती खिडकी मिटून भागत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना जी यादी वाचतो तीच बरेचदा शेवटपर्यंत धरून बसतो. फॉन्ट टाकूनही फरक पडला नाही असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

अक्षरं दिसली, पण जपानी वळणाची

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण चौकोन गेले की सगळ्यांना वाटतं काम झालं, आणि चिनी वाचणाऱ्याला मात्र ते पत्रक खटकतं.

युनिकोडने चिनी, जपानी आणि कोरियन लिखाणातली एकाच मुळाची अक्षरं एकाच क्रमांकावर बसवली. 'हाड' या अर्थाचं अक्षर, क्रमांक ९एए८, चीनमध्ये आणि जपानमध्ये वेगळ्या वळणाने लिहितात. वरच्या भागात आत जो छोटा कोपरा असतो त्याची दिशाच उलटी. क्रमांक मात्र एकच. आपल्याकडे मराठी आणि हिंदी 'ल'चं वळण वेगळं असतं आणि युनिकोडमध्ये क्रमांक एकच असतो, तशीच ही गोष्ट. हिंदी वळणाचा 'ल' मराठी पुस्तकात आला तर वाचता येतो, पण डोळा अडखळतो. चिनी वाचकाचंही तसंच होतं.

सोप्या आणि जुन्या अशा दोन चिनी रूपांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. चीनमध्ये १९५६ पासून अक्षरं सोपी करण्यात आली, आणि जिथे रूप खूप बदललं तिथे युनिकोडने दोन वेगळे क्रमांक दिले. 'ह्वा'चं आजचं रूप ५३४ई, जुनं रूप ८३ईएफ. कोटणीस १९४२ साली वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत नाव जुन्या रूपात लिहिलं जाई, आणि आजच्या चिनी मजकुरात ते नव्या रूपात सापडतं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजूनही जुनं रूप चालतं. फॉन्ट बदलून एकाचं दुसरं होत नाही. तुम्हाला कोणतं हवंय ते मजकुरातच ठरतं.

आता मराठी किंवा इंग्रजी भाषेत चालणाऱ्या यंत्रावर काय होतं ते बघा. मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे प्रोग्रॅमने सांगितलं नाही, तर फॉन्टकॉन्फिग यंत्राची भाषा बघतं. तिथे एमआर-आयएन (मराठी, भारत) किंवा इंग्रजीचा संकेत असतो, त्यावरून चिनी की जपानी हे ठरत नाही, आणि मग बरेचदा नोटो सीजेकेचं जपानी रूप पुढे येतं. एखादा निव्वळ जपानी फॉन्ट आधी टाकलेला असेल तर आणखी विचित्र होतं. पहिली दोन अक्षरं त्या फॉन्टमधून येतात, 'ह्वा'चं सोपं रूप त्यात नसतं, ते दुसऱ्या फॉन्टमधून येतं, आणि एकाच नावात दोन जाड आणि एक बारीक अक्षर दिसतं. असं दिसलं की ओळखा, निवडीत गडबड आहे.

काय निवडलं जातंय ते असं पाहता येतं:

एफसी-मॅच सॅन्स-सेरिफ:लँग=झेडएच-सीएन

आणि भाषा न सांगता, नुसतं अक्षर देऊन:

एफसी-मॅच सॅन्स-सेरिफ:चारसेट=६८ई३

पहिल्याचं उत्तर एससी शेपटाचं आणि दुसऱ्याचं जेपी शेपटाचं आलं, तर वर सांगितलेला प्रकार तुमच्याकडे आहे. नोटोमध्ये एससी म्हणजे चीनचं सोपं वळण, टीसी तैवानचं, एचके हाँगकाँगचं, जेपी जपानी, केआर कोरियन.

एखाद्याच प्रोग्रॅमपुरता उपाय हवा असेल तर तो सुरू करतानाच त्याच ओळीत आधी एफसी_लँग=झेडएच-सीएन लिहा. त्यातलं एफसी आणि लँग मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये अधोरेषा. यंत्राची भाषा बदलावी लागत नाही, तुमचे मेनू मराठीतच राहतात. काही ठिकाणी पूर्ण यंत्र चिनी भाषेत न्यायचा सल्ला मिळतो. तो घेऊ नका, गरज नाही.

कायमचा उपाय हवा तर घरच्या फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग, त्यात फॉन्टकॉन्फिग, त्यात फॉन्ट्स.कॉन्फ ही फाइल करा. ती एक्सएमएल फाइल असते. सगळ्यांत बाहेर फॉन्टकॉन्फिग नावाचा टॅग, त्याच्या आत एलियस, एलियसच्या आत आधी फॅमिली टॅगमध्ये सॅन्स-सेरिफ, आणि मग प्रिफर टॅगमध्ये तुमच्या पसंतीच्या फॉन्टची नावं, प्रत्येक नाव स्वतंत्र फॅमिली टॅगमध्ये. सेरिफसाठी असाच दुसरा एलियस.

प्रिफरमधला क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी रोमनचा फॉन्ट, म्हणजे नोटो सॅन्स. मग नोटो सॅन्स देवनागरी. आणि त्यानंतर नोटो सॅन्स सीजेके एससी. चिनी फॉन्ट पहिला ठेवलात तर चिनी दिसेल, पण रोमन अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हंही तो स्वतःकडे ओढून घेईल. मराठी मजकुरातलं अवतरणचिन्ह अचानक रुंद झालं, वाक्यात भोक पडल्यासारखं दिसायला लागलं, की कारण हेच असतं. फाइल साठवल्यावर वरच्या दोन्ही एफसी-मॅच आज्ञा पुन्हा चालवा. एखादा टॅग उघडा राहिला असेल तर फॉन्टकॉन्फिग त्याच वेळी ओळ क्रमांकासकट तक्रार करतं.

जे प्रोग्रॅम आपल्याच मनाचे चालतात

लिबरऑफिस फॉन्टकॉन्फिग वापरतं, पण मजकुराचे तीन कप्पे करतं: पाश्चात्त्य, आशियाई आणि जटिल लिपी. देवनागरी तिसऱ्या कप्प्यात येते हे मराठीत लिहिणाऱ्यांना माहीत असतं. चिनी दुसऱ्यात. तुम्ही मजकूर निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलता आणि काहीच होत नाही, कारण ज्या कप्प्याचा फॉन्ट बदलायचा तो बदललाच गेलेला नसतो. पर्यायांत भाषांच्या पानावर जा आणि आशियाई भाषांच्या पुढची खूण चालू करा. मग अक्षरांच्या संवादचौकटीत आशियाई मजकुरासाठी वेगळा फॉन्ट निवडता येतो, आणि त्याची भाषाही सांगता येते. भाषा चिनी ठेवली की वळणाचा प्रश्न तिथेच सुटतो. शैलीतच हे बसवून ठेवा, प्रत्येक परिच्छेदाला हात लावावा लागणार नाही.

दुसऱ्या यंत्रावर छपाई असेल तर पीडीएफ करूनच न्या. शाळेत मी ओडीटी फाइल नेली होती, तिथेच चुकलं. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला गेलाय का ते पीडीएफफॉन्ट्स या आज्ञेपुढे फाइलचं नाव देऊन पाहा. ईएमबी या रकान्यात प्रत्येक ओळीला येस हवं.

उलट बाजूने, कोणीतरी पाठवलेल्या पीडीएफमध्ये चिनी मजकुराच्या जागी कोरी जागा दिसत असेल आणि ईएमबीमध्ये नो असेल, तर फॉन्टबरोबर पॉप्लर-डेटा हे पॅकेजही लागतं. अक्षरांच्या जुन्या चिनी क्रमांकांवरून युनिकोडकडे जाणारे तक्ते त्यात असतात. एव्हिन्स आणि ऑक्युलर दोघांनाही त्याचा उपयोग होतो.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आलेख काढणाऱ्यांना हा त्रास हटकून होतो. त्याचा नेहमीचा फॉन्ट देजावू सॅन्स, त्यात चिनी अक्षरं नाहीत, आणि अक्षर नसलं तर दुसरा कोणता फॉन्ट घ्यायचा हे ते फॉन्टकॉन्फिगला विचारत नाही. टर्मिनलवर इशारा येतो की अमुक क्रमांकाची आकृती सध्याच्या फॉन्टमध्ये नाही. तो क्रमांक दशमान असतो, चौकोनातल्यासारखा सोळामान नव्हे, एवढं लक्षात ठेवा. आरसीपॅराम्समध्ये फॉन्ट.सॅन्स-सेरिफ या यादीत चिनी फॉन्टचं नाव घाला. इथे एक खाच आहे. नोटो सीजेकेची सगळी रूपं एकाच टीटीसी फाइलमध्ये (अनेक फॉन्टची एकत्र फाइल) येतात, आणि मॅटप्लॉटलिबच्या बहुतेक आवृत्त्या त्यातलं पहिलंच रूप वाचतात, ते जपानी. म्हणून नोटो सॅन्स सीजेके एससी हे नाव त्याला सापडत नाही, जेपी सापडतं. अक्षरं त्यातही सगळी आहेत, वळण जपानी येतं. चिनी वळणच हवं असेल तर एससीची स्वतंत्र ओटीएफ फाइल उतरवून घ्या. फॉन्ट टाकल्यानंतर घरच्या डॉट-कॅशमधला मॅटप्लॉटलिब फोल्डर काढून टाका, नाहीतर ते जुनीच यादी वाचत राहतं.

वाइनमधून विंडोजचा प्रोग्रॅम चालवत असाल तर वाइनट्रिक्स सीजेकेफॉन्ट्स ही आज्ञा फॉन्टही टाकते आणि विंडोजच्या नावांना पर्यायही जोडून देते. तरीही मेनूत कचरा दिसला, तर तो प्रोग्रॅम जुन्या संकेत-पद्धतीचा आहे. एलसी_ऑल=झेडएच_सीएन.यूटीएफ-८ आधी लावून चालवा, त्यातलं एलसी_ऑल, सीएन आणि यूटीएफ मोठ्या रोमन अक्षरांत. त्यासाठी ते लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची ती मांडणी, यंत्रावर तयार केलेलं असावं लागतं.

फ्लॅटपॅकचे प्रोग्रॅम यंत्रावरचे आणि तुमच्या घरच्या फोल्डरमधले फॉन्ट पाहू शकतात, त्यामुळे वेगळं काही टाकावं लागत नाही, फक्त प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. प्रोग्रॅम बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या डॉकरचं उलट. कंटेनरला बाहेरचे फॉन्ट दिसत नाहीत आणि छोट्या इमेजमध्ये बहुधा एकही फॉन्ट नसतो. पीडीएफ किंवा चित्र तयार करणारी सेवा कंटेनरमध्ये असेल तर फॉन्टचं पॅकेज डॉकरफाइलमध्येच लिहा.

आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबल्यावर येणारा काळा पडदा चिनी दाखवणारच नाही. कर्नलच्या त्या पडद्याला एका वेळी ५१२च आकृत्या ठेवता येतात. तिथे वेळ घालवू नका.

चौकोन नाही, कचरा असेल तर

जुन्या चिनी मजकूर फाइली बहुधा जीबीके किंवा जीबी१८०३० पद्धतीत असतात, तैवानच्या बिग५ मध्ये. रूपांतर असं:

आयकॉन्व्ह -एफ जीबी१८०३० -टी यूटीएफ-८ जुनी.टीएक्सटी > नवी.टीएक्सटी

जीबी१८०३० मध्ये जीबीके सामावलेलं आहे, म्हणून आधी तेच लावून पाहा. मूळ फाइल पुसू नका. झिप उघडल्यावर फाइलींची नावंच विस्कटली असतील तर डेबियन आणि उबुंटूच्या अनझिपला -ओ जीबीके हा पर्याय द्या, त्यातलं ओ मोठं.

एखादंच अक्षर हट्टाने चौकोन राहिलं तर

नावांत आणि जुन्या ग्रंथांत दुर्मिळ अक्षरं येतात. चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरं आहेत, युनिकोडमध्ये त्याच्या कित्येक पट. चौकोनातला क्रमांक, सुरुवातीचं शून्य सोडून, पाच आकडी असेल आणि २ने सुरू होत असेल, तर ते विस्तारित गटातलं अक्षर आहे आणि नोटोमध्ये असेलच असं नाही. फॉन्ट्स-हानाझोनो हे पॅकेज टाकून त्याच क्रमांकाने एफसी-लिस्ट पुन्हा विचारा. त्याचं वळण जपानी आहे, पण चौकोनापेक्षा ते नक्कीच बरं.

शाळेच्या यंत्रावर शेवटी मायक्रोहेइ टाकला, लिबरऑफिसमध्ये त्या ओळीची भाषा चिनी केली आणि पत्रक पीडीएफ करून छापलं. 'ह्वा' मी दोन्ही रूपांत ठेवलं, मोठ्या ओळीत आजचं आणि त्याखाली बारीक टाइपात ८३ईएफ, म्हणजे कोटणीसांच्या काळात लिहीत ते.